दोरीचा कस आणि काठीचे बळ

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यापासून सुमारे २२ मैलांवर, पॅसिफिक महासागरात, सांता कॅटालिना नावाचे एक डोंगराळ बेट आहे. त्याच्या पूर्व अंगाला, लहानशा अर्धचंद्राकार उपसागराच्या काठी, ॲव्हेलॉन हे गाव वसले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उन्हाळ्यात हवापालटासाठी तेथे पुष्कळ पाहुणे येत आणि बहुतेकांचा वेळ मासे मारण्यात जाई. समुद्रातील मोठ्या माशाची शिकार गळाच्या काठीने करावयाची, आणि त्या काठीचे बळ व दोरीचा कस यांचा मेळ ठरावीक प्रमाणातच असला पाहिजे, हा दंडक प्रथम नियमाच्या रूपाने याच गावात लिहिला गेला. आज जगातील कोणत्याही बंदरात खाऱ्या पाण्यासाठी विकावयास ठेवलेली काठी उचलून पाहिली, तर तिच्या मुठीच्या वर पौंडांचे किंवा किलोग्रॅमचे दोन आकडे छापलेले आढळतात. त्या आकड्यांचा उगम शोधीत गेले की माणूस ॲव्हेलॉनच्या धक्क्यावर येऊन पोहोचतो.

१८८६ साली चार्ल्स फ्रेडरिक होल्डर नावाचा एक निसर्गशास्त्रज्ञ या बेटावर आला. त्याचा जन्म १८५१ चा, मॅसॅच्युसेट्समधील लिन या गावचा. तरुणपणी न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या पदार्थसंग्रहालयात त्याने प्राणिशास्त्र विभागात काम केले होते, आणि पुढे पॅसाडेना येथे तो स्थायिक झाला होता. किनाऱ्यावर त्याने जे दृश्य पाहिले त्याने तो अस्वस्थ झाला. माणसे जाडजूड हातदोऱ्या भिरकावीत होती आणि वीस वीस, तीस तीस पौंडांचे यलोटेल जातीचे मासे पटापट ओढून वाळूवर टाकीत होती. आपल्या मालवणकडे ज्याला गरवणे म्हणतात त्याच जातीचा हा प्रकार. परंतु मालवणचा गरवणारा पोटासाठी गरवतो, आणि त्याची पकड घरी किंवा बाजारात जाते. येथे मात्र माशांचा ढीग फोटो काढण्यापुरता उपयोगी पडे, आणि मग तो कुजत तरी पडे किंवा समुद्रात फेकून दिला जाई. जाड दोरीपुढे माशाला सुटकेची कसलीच आशा नव्हती. मारणाऱ्याच्या अंगी काही कौशल्य असण्याचीही गरज नव्हती.

होल्डरने यावर जो उपाय काढला तो विलक्षण होता. इतक्याच माशांवर थांबा, असे त्याने कोणाला सांगितले नाही. दोरी बारीक करा, एवढेच तो म्हणाला. बारीक दोरी हातात धरून मोठा मासा आवरता येत नाही. तिला काठी लागते, रीळ लागते आणि बसून शिकावी लागेल अशी एक विद्या लागते. मारणाऱ्याची ताकद त्याच्या साधनातच कमी केली, की हाव आपोआप आटोक्यात येईल, असा त्याचा हिशेब होता.

१८९८ च्या जून महिन्यात त्याने स्वतः काठी आणि रीळ घेऊन १८३ पौंडांचा एक ट्यूना मारला. कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला कुपा म्हणतात त्याचाच हा थंड पाण्यातला थोरला भाऊबंद. या माशाने होल्डरची नाव मैलोगणती फरफटत नेली आणि झुंज पावणेचार तास चालली. त्याच महिन्यात ॲव्हेलॉनच्या ट्यूना क्लबची स्थापना झाली. क्लबचे निळे बटण कोटाला लावण्याचा मान ज्याला हवा असेल त्याने १०० पौंडांहून अधिक वजनाचा ट्यूना, कोणाच्याही मदतीवाचून, नियमात बसणाऱ्या साधनांनी मारला पाहिजे, असे ठरले. पुढल्याच वर्षी, म्हणजे १८९९ साली, कर्नल मोअरहाउस याने २५१ पौंडांचा ट्यूना मारून विक्रम केला.

आता हे नियमात बसणारे साधन म्हणजे काय, ते पाहावयास हवे. दोरीला बळकटी हवी आणि काठीलाही बळकटी हवी, असे सामान्य माणसाला वाटते. ते खरे नाही. काठी ही एक तरफ आहे, आणि तीही अशी की तिचा सारा फायदा माशाकडे आहे. श्रोत्यांनी सहा फुटांची काठी डोळ्यांपुढे आणावी. तिचा बुंधा पोटाशी टेकलेला आहे, आणि बुंध्यापासून दीड फुटावर माणसाचा पुढचा हात आहे. शेंड्याला माशाने काटकोनात दहा पौंडांची ओढ दिली, तर त्या हाताला चाळीस पौंड उचलावे लागतात. काठी ताठ असेल तितका हा भार पुरतेपणी हातावर येतो. ती वाकली म्हणजे शेंडा ओढीच्या दिशेला वळतो, तरफेची लांबी कमी होते, आणि माणसाला श्वास घेण्यास सवड मिळते. म्हणजे काठीचे मोठेपण तिच्या न वाकण्यात नसून, किती भाराला किती वाकावे या तिच्या जाणतेपणात आहे.

दोरीच्या बाजूनेही हाच विचार करावा लागतो. मासा एकसारखा ओढीत नाही. तो हिसका देतो. पतंग उडविणाऱ्या पोराला हे पुस्तकावाचून ठाऊक असते. वारा जोराने आला आणि ढील दिली नाही, तर मांजा तुटतो; ढील फारच दिली तर पतंग हातचा जातो. काठी वाकते तेव्हा ती ढीलच देत असते, मात्र ती ढील साठवून पुन्हा परत घेणारी असते. बारीक दोरीला ताठ काठी जोडली तर पहिल्याच हिसक्याला दोरी तुटते. जाड दोरीला नाजूक काठी जोडली तर दोरी शाबूत राहते आणि लाकूड मोडते. मासा खोल पाण्यात बसून राहिला, म्हणजे अशी मऊ काठी नुसती कमान होऊन बसते. मासा तसूभर वर येत नाही. तेव्हा दोरी तुटण्याच्या आधी काठी मोडू नये, आणि काठीने वाकण्याआधी दोरी तुटू नये, या दोन अटी एकदम पाळावयाच्या, हे या विद्येचे सार होय.

या मेळाची जाणीव फार जुनी आहे. १४९६ साली वेस्टमिन्स्टर येथे छापलेल्या, गळाने मासे धरण्याविषयीच्या एका इंग्रजी प्रबंधात, घोड्याच्या केसांची दोरी वळताना कोणत्या माशाला किती केस घ्यावे याचे कोष्टकच दिले आहे. अगदी चिमुकल्या माशाला एक केस, आणि सामनला पंधरा. परंतु ही नदीची गोष्ट झाली. नदीचा मासा काठाकाठाने पळतो आणि माणूस त्याच्या मागे धावू शकतो. समुद्रातला ट्यूना एका दमात शेकडो यार्ड दोरी घेऊन जातो, आणि मागे धावावयास जमीन नसते. तेथे केस चालले नाहीत. तेथे लिनन आले.

जवसाच्या वाखापासून काढलेले हे सूत. त्याचे धागे एकत्र पिळून दोरी करीत, आणि धागे मोजूनच तिची प्रत सांगत. सहापदरी, नऊपदरी, पंधरापदरी, चोवीसपदरी अशी ती नावे. मॅसॅच्युसेट्सजवळच्या कटीहंक बेटावरून या दोरीला कटीहंक असे नाव पडले होते. उत्तम प्रतीच्या दोरीचा प्रत्येक पदर भिजलेल्या स्थितीत सुमारे तीन पौंड भार सहन करी. त्यामुळे हिशेब सोपा होता. सहापदरी दोरी अठरा पौंडांना तुटणार, नऊपदरी सत्तावीस पौंडांना, चोवीसपदरी बहात्तर पौंडांना. भिजलेल्या स्थितीत असे म्हणण्याला कारण आहे. लिनन कोरडे असते त्यापेक्षा ओले असताना अधिक बळकट असते. म्हणून जाणता नावाडी माशाची वाट पाहत असताना दोरी आधीच पाण्यात भिजवून घेई. याची दुसरी बाजूही होती. खाऱ्या पाण्याने लिनन कुजते. रोज सायंकाळी दोरी सगळीच्या सगळी रिळावरून सोडवावी लागे, गोड्या पाण्यात धुवावी लागे आणि मोठ्या लाकडी चक्रावर गुंडाळून वाळवावी लागे. एखाद्या दिवशी आळस झाला, तर दोरीवर कोठे तरी एक अदृश्य कमजोर जागा तयार होई, आणि ती सापडावयाची ती बरोबर माशाच्या वेळी.

दोरीचे असे पदर मोजता आले. काठीचे बळ मोजावयाचे कसे? येथे क्लबाने एक ओबडधोबड पण सर्वांना समजेल अशी युक्ती काढली: काठीचे वजन आणि लांबी. जड सरंजामाचा नियम असा की काठी लाकडाची असावी, एकंदर लांबी सहा फूट नऊ इंचांहून कमी नसावी, रिळाच्या पुढचा शेंडा पाच फुटांहून आखूड नसावा व त्याचे वजन सोळा औंसांपेक्षा अधिक नसावे, आणि दोरी चोवीस पदरांपेक्षा जाड नसावी. या नियमाचे मर्म त्यातील जोडीत आहे. नुसता दोरीचा नियम केला असता, तर लोकांनी त्याला वाटेल तो सोटा जोडला असता. नुसता काठीचा केला असता, तर जाड दोरीने मासा हातांनीच ओढून आणला असता.

वजनाचे हे माप अचूक नव्हते, आणि ते तसे का नव्हते हे सांगितलेच पाहिजे. काठीची जाडी दसपट एक या हिशेबाने वाढविली, म्हणजे दहाची अकरा केली, तर तिचे वजन शेकडा २१ वाढते. पण तिचा ताठपणा शेकडा ४६ वाढतो. वजन जाडीच्या वर्गाने वाढते, ताठपणा चतुर्थ घाताने. शिवाय सारी लाकडे सारखी नसतात. दक्षिण अमेरिकेच्या गियानातून येणारे ग्रीनहार्ट जड आणि चिवट. अमेरिकेतले हिकरी त्याहून हलके पण वाकले की तसेच वाकडे राहणारे. आणि बांबू तर वेगळ्याच वर्गातला. त्याची ताकद सालीखालच्या दाट धाग्यांत असते, आत पोकळी असते. बांबू उभा चिरून, त्याच्या कांबी तासून, त्या पुन्हा एकत्र चिकटवून भरीव काठी करण्याची कला अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पेन्सिल्व्हेनियातील ईस्टन येथे सॅम्युएल फिलिपी या बंदूक घडविणाऱ्या कारागिराने पुढे आणली. तिच्यासाठी लागणारा बांबू प्रथम हिंदुस्थानातून जाई, आणि काठ्या बनविणाऱ्यांच्या बोलण्यात त्याला कलकत्त्याचा बांबू असेच नाव होते. ज्या बांबूची आपल्याकडे शिडी आणि मांडव होई, त्याच्या कांबी समुद्रापलीकडे चांदीच्या कड्या लेऊन श्रीमंतांच्या हाती मिरवीत. पुढे चीनच्या क्वांगतुंग प्रांतातला टोंकिन बांबू अधिक सरळ व अधिक दाट धाग्यांचा म्हणून पसंत झाला, आणि कलकत्ता मागे पडला. सारांश, सोळा औंसांचे लाकूड आणि सोळा औंसांचा बांबू यांचे बळ एक नव्हे. तरीही वजनकाट्यावर टाकून तंटा मिटविता येई, एवढा त्या नियमाचा फायदा होता.

१९०६ साली टी. एम. पॉटर याच्या पुढाकाराने क्लबात हलक्या सरंजामाचा वर्ग निघाला. यात दोरी नऊपदरी आणि शेंड्याचे वजन सहा औंस. तेवढ्यानेही हौस भागली नाही, तेव्हा लवकरच तीन सहांचा वर्ग आला. काठी सहा फुटांहून आखूड नको, सबंध काठीचे वजन सहा औंसांहून अधिक नको, दोरी सहा पदरांहून जाड नको. सहा औंस म्हणजे पावणेदोनशे ग्रॅमही नव्हेत. अशा काठीने तीसपस्तीस पौंडांचा यलोटेल मारला, तर अठरा पौंडांना तुटणाऱ्या दोरीने तिच्या दुपटीचा जीव आवरला असे होई. क्लबच्या भिंतीवर वजनाबरोबर पदरही लिहिले जाऊ लागले. मासा किती मोठा, या प्रश्नाच्या जोडीला दोरी किती बारीक, हा प्रश्न आला. आणि पुढील सगळ्या इतिहासात या दुसऱ्या प्रश्नानेच पहिल्याला दाबून टाकले, असे म्हणण्यास हरकत नाही.

या सगळ्या व्यवस्थेत एक दुवा मात्र अनेक वर्षे लंगडा राहिला होता, तो रिळाचा. जुन्या रिळाला ब्रेक नव्हता. मासा पळू लागला की रीळ उलटे गरगर फिरे आणि त्याबरोबर त्याची मूठही. दोरीवर दाब द्यावयाचा तो अंगठ्याखालच्या चामड्याच्या पट्टीने. मूठ बोटांवर बसली तर हाडे मोडत. अंगठ्याने दिलेला दाब किती पौंडांचा आहे हे ज्याच्या त्याच्या अनुभवाने समजावयाचे. भीतीने किंवा घाईने तो जास्त झाला की दोरी गेली. विल्यम बॉशेन नावाच्या एका सभासदाने यावर यंत्र सुचविले, आणि ब्रुकलिनच्या ज्यूलियस फोम होफ याने ते घडविले. मुठीपाशी एक तारेच्या आकाराचे चाक. ते फिरविले की रिळाच्या आतल्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. मूठ स्थिर राहते, दोरी मात्र ठरविलेल्या ओढीला सुटते. १९१३ साली बॉशेनने या रिळावर ३५५ पौंडांचा तलवारमासा मारला. काठी आणि रीळ यांनी मारलेला त्या जातीचा तो पहिला मासा होय.

या चाकाने दोरी आणि काठी यांच्या संबंधाला प्रथमच आकडा दिला. दोरी जितक्या पौंडांना तुटते त्याच्या तिसऱ्या किंवा चौथ्या हिश्शाला ब्रेक सुटावा, असा प्रघात पडला. बहात्तर पौंडांच्या दोरीला चोवीस पौंड पुष्कळ झाले. बाकीचा भाग हिसक्यासाठी राखून ठेवावयाचा. असे का, हे नवशिक्याला कळत नाही, आणि तो चाक आवळीत जातो. पण रिळावरची दोरी संपत आली की तिचे वेटोळे लहान होते. चार इंचांचे वेटोळे दोन इंचांवर आले, तर चाकाला हातही न लावता ब्रेकची ओढ दुप्पट होते. त्यात शेकडो यार्ड दोरी पाण्यातून ओढली जात असते, तिचा भार वेगळाच. म्हणून मासा दूर गेला की जाणता मनुष्य चाक सैल करतो. काठीलाही आता निश्चित काम मिळाले. ब्रेक सुटेल त्या ओढीला तिने चांगली कमान धरली पाहिजे, आणि तरी तिच्यात थोडे बळ शिल्लक असले पाहिजे. यापेक्षा नेमकी व्याख्या आजही कोणी केलेली नाही.

हलक्या सरंजामाचे हे कौतुक सर्वांनाच मान्य होते असे मात्र नाही. कादंबरीकार झेन ग्रे हा क्लबचाच सभासद. समुद्राची शिकार हे त्याचे दुसरे आयुष्य होते. १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टेल्स ऑफ फिशेस’ या पुस्तकात त्याने मोठ्या माशावर बारीक दोरी वापरण्याविरुद्ध आवाज उठविला. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की बारीक दोरीवर एक मासा नावेत येतो तेव्हा कित्येक दोरी तोडून जातात, आणि जाताना तोंडातला गळ व मागे लोंबणारी दोरी घेऊन जातात. ते पुढे जगतात की मरतात, हे भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेले नसते. या आक्षेपात पुष्कळ तथ्य होते. तासन्‌तास झुंजवलेला मासा स्नायूंत साठलेल्या आम्लाने इतका थकतो की सोडून दिला तरी कित्येकदा वाचत नाही, हे आता शास्त्रज्ञांनी दाखविलेले आहे. होल्डरने हावेला आवर घालण्यासाठी दोरी बारीक केली. ती एका मर्यादेपलीकडे बारीक झाली तेव्हा तिच्यातूनच क्रौर्याची दुसरी तऱ्हा निघाली. पण ग्रे याच्या म्हणण्यात त्याचा अहंकारही होता, हे विसरता येत नाही. १९२० साली त्याने ४१८ पौंडांचा तलवारमासा मारला होता. पुढे श्रीमती कीथ स्पॉल्डिंग या अंगाने लहानखुऱ्या बाईंनी ४२६ पौंडांचा मारला, तेव्हा त्यांनी तो एकटीने आणला असेल यावर ग्रे याने जाहीर अविश्वास दाखविला. तंटा विकोपाला गेला आणि ग्रे क्लबातून बाहेर पडला. तरफेचे गणित ज्याला समजले आहे त्याला बाईंच्या यशात अशक्य असे काही वाटू नये. काठी योग्य आणि ब्रेक योग्य असेल तर ताकदीपेक्षा धीरच अधिक खर्ची पडतो.

१९३० नंतरच्या दशकात शिकारीची ठिकाणे पसरली. बहामा बेटांतील बिमिनी येथे अजस्र ट्यूना सापडू लागले, पण तेथे अडचण निराळीच निघाली. मासा दमू लागला की शार्क त्याच्यावर तुटून पडत आणि नावेपाशी यावयाचे ते नुसते डोके. तेथे बारीक दोरीची शेखी मिरविण्यात अर्थ नव्हता. मासा लवकर वर आणणे हाच उपाय होता. म्हणून एकोणचाळीसपदरी आणि चोपन्नपदरी दोऱ्या आल्या, त्यांच्यासाठी मनगटाएवढ्या जाडीच्या हिकरीच्या काठ्या आल्या, आणि माणसाच्या खांद्यांना पट्ट्यांनी बांधून रिळाला जोडणारे साज आले. १९३५ साली अर्नेस्ट हेमिंग्वे याने बिमिनीला असाच जोर लावून शार्कांनी तोंड न लावलेला अखंड ट्यूना बाहेर काढला.

एका ठिकाणी सहा पदर, दुसऱ्या ठिकाणी चोपन्न; ऑस्ट्रेलियात एक नियम, इंग्लंडात दुसरा. कोणाचा विक्रम खरा मानावयाचा? ७ जून १९३९ रोजी न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये, म्हणजे होल्डरने तरुणपणी ज्या संस्थेत नोकरी केली तिच्याच छपराखाली, मायकेल लर्नर याच्या प्रयत्नाने इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन स्थापन झाली. संग्रहालयातले प्राणिशास्त्रज्ञ विल्यम किंग ग्रेगरी हे तिचे पहिले अध्यक्ष. ॲव्हेलॉनच्या गावकी नियमांना तिने जागतिक रूप दिले. विक्रमांचे वर्ग दोरीच्या पदरांवरून पाडण्यात आले.

आणि नेमके त्याच वेळी पदरांचा हिशेब कोसळण्याच्या मार्गाला लागला होता. १९३८ साली ड्यूपाँ कंपनीने नायलॉन जाहीर केले होते. महायुद्ध संपल्यावर ते दोरीच्या रूपाने बाजारात आले. नायलॉनच्या एकेरी तारेला पदरच नसतात, मग ती नऊपदरी की चोवीसपदरी कसे सांगणार? शिवाय तिचा स्वभाव लिननच्या अगदी उलट. लिनन भिजले की बळकट होते, नायलॉन भिजले की थोडे कमजोर होते. तेव्हा पदर मोजणे सोडून पौंड मोजणे भाग पडले, आणि तेही ओल्या कसोटीने. बारा, वीस, तीस, पन्नास, ऐंशी, एकशेतीस असे वर्ग ठरले; पुढे ते किलोग्रॅममध्ये सहा, दहा, पंधरा, चोवीस, सदतीस, साठ असे झाले. विक्रमाचा दावा करणाऱ्याला वापरलेल्या दोरीचा तुकडा पाठवावा लागतो. तो पाण्यात भिजवून यंत्रावर ताणला जातो, आणि सांगितल्यापेक्षा अधिक भार सहन करून तुटला, तर दावा वरच्या वर्गात ढकलला जातो. यातून व्यापारात एक गमतीचा प्रकार उद्भवला. सगळ्या जगात कारखानदार हमी देतो ती आपला माल टिकेल अशी. येथे काही कारखानदार आपली दोरी छापलेल्या आकड्याच्या आत नक्की तुटेल अशी हमी देऊन अधिक किंमत घेऊ लागले.

काठीच्या वजनाचा नियम मात्र गेला. काचतंतूच्या आणि पुढे कार्बनतंतूच्या पोकळ काठ्या आल्यावर वजनावरून बळ ओळखणे हास्यास्पद झाले असते. असोसिएशनच्या नियमांत आता काठीविषयी मुख्यतः लांबी उरली आहे: शेंडा ४० इंचांहून आखूड नको, बुंधा २७ इंचांहून लांब नको. बाकी मेळ बसविण्याचे काम बनविणाऱ्यांवर सोपविले गेले, आणि त्यांनी दोरीचाच आकडा काठीवर छापला. इंग्लंडात रिचर्ड वॉकर याने १९५० नंतरच्या काही वर्षांत नदीच्या माशांसाठी एक सुटसुटीत रीत लोकप्रिय केली. काठीचा बुंधा आडवा धरावा, शेंड्याला स्प्रिंगकाटा बांधून ओढावे, आणि शेंडा बुंध्याशी काटकोनात आला की काट्यावरचे वजन वाचावे. त्या आकड्याची साधारण पाचपट म्हणजे त्या काठीला योग्य दोरी. दीड पौंडाला काटकोन करणारी काठी असेल, तर साडेसात पौंडांची दोरी. समुद्रावरच्या जड काठ्यांना हे गुणोत्तर जसेच्या तसे लागत नाही, कारण तेथे मासा उभा वर उचलावयाचा असतो. तथापि घरच्या घरी काठीची परीक्षा करण्यास ही रीत अजून उपयोगी पडते.

४ ऑगस्ट १९५३ रोजी पेरू देशातील काबो ब्लांको येथे आल्फ्रेड ग्लॅसेल याने १,५६० पौंडांचा काळा मार्लिन मारला. दोरीचा वर्ग होता १३० पौंडांचा. म्हणजे मासा दोरीच्या बारापट. या झुंजीला सुमारे पावणेदोन तास लागले. होल्डरला १८९८ साली आठव्या हिश्शाहूनही लहान माशासाठी पावणेचार तास झगडावे लागले होते. अधिक जाड दोरी, ठरलेल्या ओढीला सुटणारा ब्रेक, त्या ओढीला बेताने वाकणारी काठी आणि माशामागे वळणारी यांत्रिक नाव, या साऱ्यांचा हा परिणाम.

१९९० नंतर विणलेल्या पॉलिएथिलीनची दोरी आली आणि जुन्या मेळाला पुन्हा धक्का बसला. नायलॉन तुटण्यापूर्वी बरेच ताणले जाते. माशाचा हिसका काही अंशी दोरीच गिळते. नवी दोरी जवळजवळ ताणलीच जात नाही. जो हिसका पूर्वी काठी आणि दोरी वाटून घेत, तो आता एकट्या काठीवर येतो. त्यातून ही दोरी इतकी बारीक, की तीस पौंडांच्या नायलॉनला लागणाऱ्या जागेत ऐंशी पौंडांची सहज मावते. तीस पौंडांचा आकडा छापलेल्या काठीवर लोक ती भरतात, ब्रेक ऐंशीच्या मानाने आवळतात, आणि मग काठी मुठीच्या वर कडाडून मोडते. दुकानदाराकडे तक्रार येते ती काठी कच्ची निघाल्याची. तो मोडलेला तुकडा हातात घेतो, वरचा आकडा वाचतो, आणि रिळावरून हातभर दोरी ओढून पाहतो.